मल्टी-बूट आणि हार्डवेअर सुसंगतता

मल्टी-बूट म्हणजे एकाच संगणकावर दोन किंवा अधिक संचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) स्थापित करून, संगणक सुरू करताना त्यांपैकी हवी ती निवडता येईल अशी केलेली व्यवस्था होय. प्रणाली दोनच असल्यास तिला ड्युअल-बूट म्हणतात. अशी व्यवस्था करण्यापूर्वी संगणकाचे हार्डवेअर, फर्मवेअर आणि डिस्कची रचना नव्या प्रणालीस अनुकूल आहे की नाही, हे पडताळून पाहण्याच्या प्रक्रियेस सुसंगतता तपासणी असे म्हणतात.

या तपासणीत दोन स्वतंत्र प्रश्न अंतर्भूत असतात. नवी प्रणाली या यंत्रावर चालेल का, हा पहिला प्रश्न. आणि ती आधीच्या प्रणालीबरोबर नांदू शकेल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स चिप, वायफाय चिप इत्यादी घटकांवर अवलंबून असते. दुसऱ्याचे उत्तर दोन्ही प्रणाली ज्या गोष्टी सामायिकपणे वापरतात त्यांवर ठरते. डिस्कचा विभाजन तक्ता, फर्मवेअरमधील आरंभक्रम, सुरक्षा चिप आणि यंत्रातील घड्याळ या त्या गोष्टी होत. निर्मात्यांनी प्रसिद्ध केलेल्या किमान आवश्यकतांच्या याद्या केवळ पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात. साठवलेला विदा अर्थात डेटा गमावण्याचा किंवा जुनी प्रणाली सुरूच न होण्याचा धोका मात्र मुख्यत्वे दुसऱ्या प्रश्नाशी निगडित असतो.

इतिहास

आयबीएम कंपनीने १९८१ साली बाजारात आणलेल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये यंत्र सुरू करण्याचे प्राथमिक काम बायोस ही फर्मवेअर आज्ञावली करीत असे. १९८३ सालच्या पीसी डॉस २.० या आवृत्तीबरोबर हार्ड डिस्कचा वापर सुरू झाला आणि डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये चार विभागांची नोंद ठेवणारा मास्टर बूट रेकॉर्ड, म्हणजेच एमबीआर, रूढ झाला. वेगवेगळ्या विभागांत वेगवेगळ्या प्रणाली ठेवण्याची शक्यता या रचनेतच होती.

१९९२ साली आलेल्या ओएस/२ २.० मध्ये स्वतंत्र बूट मॅनेजर देण्यात आला. १९९३ सालच्या विंडोज एनटी ३.१ मध्येही आरंभी प्रणाली निवडण्याची यादी होती. लिनक्ससाठी प्रथम लिलो आणि पुढे ग्रब हे बूटलोडर प्रचलित झाले. ग्रबची सुरुवात १९९५ साली एरिक बोलिन यांनी केली. त्या काळातील बायोसला डिस्कचे पहिले १,०२४ सिलिंडरच वाचता येत, म्हणून आरंभासाठी लागणाऱ्या फायली डिस्कच्या सुरुवातीच्या भागातच ठेवाव्या लागत. मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटीसाठी हार्डवेअर सुसंगतता यादी प्रसिद्ध करण्याची प्रथा सुरू केली, तर लिनक्स वापरकर्त्यांनी अशाच याद्या स्वयंसेवी पद्धतीने तयार केल्या.

२००५ साली यूईएफआय फोरमची स्थापना झाली आणि बायोसची जागा हळूहळू यूईएफआय या नव्या फर्मवेअर मानकाने घेतली. २००६ साली ॲपलने इंटेल प्रोसेसर असलेल्या मॅक संगणकांवर विंडोज चालवण्यासाठी बूट कॅम्प ही सुविधा दिली. २०२० पासून आलेल्या ॲपल सिलिकॉन मॅकवर ती उपलब्ध नाही. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून सिक्युअर बूट ही सुरक्षाव्यवस्था सर्वसामान्य संगणकांत आली. विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या संगणकांवर लिनक्स स्थापित करण्याचा विचार त्यामुळे अनेक सामान्य वापरकर्त्यांपुढेही आला.

हार्डवेअरची सुसंगतता

प्रोसेसर आणि रॅम

संचालन प्रणाली विशिष्ट प्रोसेसर-रचनेसाठी संकलित केलेली असते. एक्स८६ रचनेच्या संगणकासाठी तयार केलेली प्रणाली एआरएम रचनेच्या यंत्रावर थेट चालत नाही, आणि याउलटही तेच खरे आहे. एकाच रचनेतही पिढ्यांचा फरक महत्त्वाचा ठरतो. विंडोज ११ साठी किमान दोन गाभे असलेला ६४-बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूट करू शकणारे यूईएफआय फर्मवेअर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आवश्यक आहे. याखेरीज मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या प्रोसेसरांची यादी असून तीत सर्वसाधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासूनचे प्रोसेसर येतात.

लिनक्स जुन्या यंत्रांवर चालते हा समज बऱ्याच अंशी खरा असला तरी त्यालाही मर्यादा आहेत. लिनक्स कर्नेलने २०१३ साली ३.८ या आवृत्तीत इंटेल ८०३८६ प्रोसेसरचे समर्थन काढून टाकले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट एक्स८६ संगणकांसाठी स्थापना-माध्यम दिलेले नाही. काही स्वस्त टॅबलेट आणि लॅपटॉपमध्ये प्रोसेसर ६४-बिट, परंतु यूईएफआय फर्मवेअर ३२-बिट, अशी मिश्र रचना आढळते. अशा यंत्रावर ६४-बिट प्रणालीचे सर्वसाधारण स्थापना-माध्यम सुरूच होत नाही. त्यासाठी ३२-बिट बूटलोडर असलेले माध्यम लागते.

ड्रायव्हर आणि उपकरण-क्रमांक

प्रत्येक उपकरणाशी संवाद साधण्यासाठी प्रणालीला ड्रायव्हर लागतो. लॅपटॉपचे मॉडेल सुसंगत आहे एवढी माहिती पुरेशी नसते, कारण एकाच मॉडेलच्या नावाखाली विकल्या गेलेल्या यंत्रांत वेगवेगळ्या वायफाय चिप असू शकतात. खात्रीची ओळख उपकरण-क्रमांकावरून पटते. पीसीआय आणि यूएसबी उपकरणांत निर्मात्याचा एक आणि उपकरणाचा एक असे दोन षोडशमान क्रमांक असतात. इंटेलचा निर्माता-क्रमांक ८०८६ आहे. कंपनीच्या प्रसिद्ध प्रोसेसरच्या क्रमांकावरूनच तो घेतलेला आहे. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधील उपकरणाच्या तपशिलात, तर लिनक्समध्ये 'एलएसपीसीआय' आणि 'एलएसयूएसबी' या आज्ञांनी हे क्रमांक पाहता येतात. नव्या प्रणालीत त्या चिपला आधार आहे की नाही, याचा शोध या क्रमांकांवरून घेतला जातो.

अनेक वायफाय आणि ग्राफिक्स चिपना ड्रायव्हरखेरीज स्वतंत्र फर्मवेअर फाइलही लागते. ती मुक्त परवान्याखाली नसल्यास काही लिनक्स वितरणे ती स्थापना-माध्यमात समाविष्ट करीत नसत. वायफायसाठी फर्मवेअर हवे आणि फर्मवेअर उतरवून घेण्यासाठी इंटरनेट हवे, असा पेच त्यातून निर्माण होई. डेबियनने २०२३ साली आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर अधिकृत माध्यमात समाविष्ट केले. तरीही केबलने जोडता येणारे नेटवर्क किंवा यूएसबीद्वारे मोबाइलचे इंटरनेट वापरण्याची सोय हाताशी ठेवणे उपयुक्त ठरते.

साठवण-नियंत्रक

इंटेल प्रोसेसरच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क-नियंत्रक एएचसीआय या सर्वसाधारण स्थितीऐवजी आरएसटी किंवा व्हीएमडी या इंटेलच्या विशिष्ट स्थितीत ठेवलेला असतो. अशा वेळी नव्या प्रणालीच्या स्थापकाला डिस्क दिसत नाही आणि ती बिघडली असल्याचा चुकीचा ग्रह होऊ शकतो. फर्मवेअरमध्ये स्थिती बदलल्यास डिस्क दिसू लागते. परंतु पूर्वतयारीविना हा बदल केल्यास आधीची विंडोज सुरू होत नाही. त्यासाठी विंडोजला पुढील वेळी सेफ मोडमध्ये सुरू होण्याची सूचना द्यावी लागते, त्यानंतर फर्मवेअरमधील स्थिती बदलावी लागते, आणि सेफ मोडमध्ये एकदा सुरू झाल्यावर विंडोज पूर्ववत करावी लागते. डिस्क कूटबद्ध असल्यास कूटबद्धता प्रथम स्थगित करणे आवश्यक असते.

लाइव्ह माध्यमावरून चाचणी

बहुतेक प्रमुख लिनक्स वितरणे डिस्कवर काहीही न लिहिता यूएसबी पेन ड्राइव्हवरून चालवता येतात. हार्डवेअरच्या तपासणीचे हे सर्वांत खात्रीलायक साधन आहे. वायफाय, ध्वनी, टचपॅड, कॅमेरा, पडद्याची प्रखरता, दुसरा पडदा आणि ब्लूटूथ यांबरोबरच संगणक निद्रावस्थेत जाऊन पुन्हा जागा होतो का, हेही पाहणे आवश्यक असते. लॅपटॉपमध्ये दोष पुष्कळदा याच ठिकाणी आढळतो. या चाचणीलाही मर्यादा आहे. लाइव्ह प्रणाली डिस्कवरील बूटलोडरला हात लावत नाही, त्यामुळे स्थापनेनंतर दोन्ही प्रणाली नीट सुरू होतील की नाही हे तिच्यावरून कळत नाही.

सहअस्तित्वाची सुसंगतता

बायोस आणि यूईएफआय स्थिती

पुष्कळ संगणकांत यूईएफआय फर्मवेअरबरोबरच जुन्या बायोस पद्धतीचे अनुकरण करणारी 'लेगसी' स्थितीही उपलब्ध असते. एकच स्थापना-माध्यम दोन्ही पद्धतींनी सुरू होऊ शकते आणि ते ज्या पद्धतीने सुरू झाले त्याच पद्धतीने नवी प्रणाली स्थापित होते. एक प्रणाली यूईएफआय पद्धतीने आणि दुसरी लेगसी पद्धतीने स्थापित झाल्यास बूटलोडरच्या एका यादीतून दोन्ही निवडता येत नाहीत. प्रत्येक वेळी फर्मवेअरमध्ये बदल करावा लागतो. म्हणून आधीची प्रणाली कोणत्या पद्धतीने सुरू होते हे प्रथम जाणून घ्यावे लागते. विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन या साधनातील 'बायोस मोड' या ओळीत ते दिसते.

विभाजन तक्ता

एमबीआरच्या ५१२ बाइटांत ४४६ बाइट आरंभीच्या आज्ञावलीसाठी, प्रत्येकी १६ बाइटांच्या चार विभाग-नोंदींसाठी ६४ बाइट आणि शेवटचे २ बाइट ओळख-खुणेसाठी असतात. त्यामुळे प्राथमिक विभाग चारच होऊ शकतात. सेक्टरचा पत्ता ३२ बिटांचा असल्याने ५१२ बाइटांच्या सेक्टरसह सुमारे २.२ टीबीपर्यंतचीच जागा वापरता येते. जीपीटी या नव्या रचनेत पत्ता ६४ बिटांचा असतो, सर्वसाधारणपणे १२८ विभागांची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

एक्स८६ संगणकांवर विंडोज ही प्रणाली जीपीटी डिस्कवरून केवळ यूईएफआय पद्धतीने आणि एमबीआर डिस्कवरून केवळ बायोस पद्धतीने सुरू होते. लिनक्सबाबत हे बंधन इतके कडक नाही. जुन्या एमबीआर डिस्कवर निर्मात्याने चारही प्राथमिक विभाग आधीच वापरलेले असल्यास, डिस्कवर मोकळी जागा असूनही नवा विभाग निर्माण करता येत नाही. अशा वेळी घाईने एखादा अनोळखी विभाग पुसून टाकल्यास पुनर्प्राप्तीसाठी राखलेला विभागच नष्ट होण्याची शक्यता असते.

ईएफआय विभाग

यूईएफआय संगणकावर सर्व प्रणालींचे बूटलोडर ईएफआय सिस्टिम पार्टिशन या सामायिक विभागात ठेवले जातात. तो सहसा फॅट३२ पद्धतीचा असतो आणि त्यात प्रत्येक प्रणालीची स्वतंत्र निर्देशिका असते. विंडोजच्या स्थापनेत हा विभाग बहुधा १०० एमबी इतका लहान केला जातो. ज्या लिनक्स वितरणांत कर्नेलही याच विभागात ठेवला जातो, त्यांना ही जागा अपुरी पडते. नवी प्रणाली स्थापित करताना हा विभाग वापरायचा असतो, फॉरमॅट करायचा नसतो. तो फॉरमॅट झाल्यास विंडोजच्या फायली डिस्कवर सुरक्षित असूनही विंडोज सुरू होत नाही.

सिक्युअर बूट

सिक्युअर बूट सुरू असताना फर्मवेअर केवळ विश्वासार्ह प्रमाणपत्राने स्वाक्षरित केलेला बूटलोडर चालवते. बहुतेक संगणकांत मायक्रोसॉफ्टची प्रमाणपत्रे आधीच असतात. म्हणून उबुंटू, फेडोरा, डेबियन आदी वितरणे मायक्रोसॉफ्टकडून स्वाक्षरित करून घेतलेली शिम ही छोटी आज्ञावली वापरतात आणि तिच्यामार्फत ग्रब व कर्नेल सुरू करतात. ज्या वितरणांकडे असे शिम नाही, त्यांच्यासाठी सिक्युअर बूट बंद करावे लागते किंवा स्वतःच्या किल्ल्या फर्मवेअरमध्ये नोंदवाव्या लागतात. एनव्हिडियासारखे स्वतंत्रपणे संकलित केलेले ड्रायव्हरही स्वाक्षरीविना नाकारले जाऊ शकतात.

ही सुसंगतता एकदा तपासून कायमची निश्चित होत नाही. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या सुरक्षा अद्यतनाने असुरक्षित ठरलेल्या जुन्या बूटलोडरांना प्रतिबंध केला. दुहेरी प्रणाली असलेल्या संगणकांना हा प्रतिबंध लागू होणार नाही, असे अपेक्षित होते. तरी प्रत्यक्षात अशा अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होईनासे झाले आणि मायक्रोसॉफ्टने ही अडचण मान्य केली. याशिवाय २०११ साली दिलेल्या मायक्रोसॉफ्टच्या सिक्युअर बूट प्रमाणपत्रांची मुदत २०२६ सालच्या जूनपासून टप्प्याटप्प्याने संपते. नवी प्रमाणपत्रे फर्मवेअरमध्ये आली आहेत की नाही, हा त्यामुळे तपासणीचा एक भाग झाला आहे.

टीपीएम आणि डिस्कची कूटबद्धता

विंडोजची बिटलॉकर ही कूटबद्धता सामान्यतः टीपीएम चिपवर विसंबून असते. आरंभीच्या टप्प्यांची मोजमापे चिपमध्ये नोंदली जातात आणि ती नेहमीसारखी असतील तरच डिस्कची किल्ली मुक्त होते. सिक्युअर बूट बंद करणे, आरंभक्रम बदलणे किंवा फर्मवेअर अद्ययावत करणे यांमुळे ही मोजमापे बदलू शकतात. अशा वेळी विंडोज ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागते. ती हाताशी नसल्यास डिस्कवरील विदा वाचता येत नाही. अनेक लॅपटॉपमध्ये ही कूटबद्धता वापरकर्त्याने जाणीवपूर्वक सुरू न करताही चालू असते आणि किल्ली त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन केलेली असते. तेव्हा कोणताही बदल करण्यापूर्वी ती शोधून कागदावर किंवा दुसऱ्या उपकरणावर उतरवून घेणे, ही संपूर्ण तपासणीतील सर्वांत महत्त्वाची पायरी मानली जाते.

फास्ट स्टार्टअप

विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअप सुविधेत संगणक बंद करताना विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जतन केली जाते. त्यामुळे बाहेरून बंद दिसणाऱ्या विंडोजचे विभाग तांत्रिकदृष्ट्या अजून वापरात असतात. अशा विभागात दुसऱ्या प्रणालीने लिहिल्यास फाइल-व्यवस्था बिघडू शकते. म्हणूनच लिनक्सचे एनटीएफएस ड्रायव्हर असा विभाग केवळ वाचण्यासाठी उघडतात किंवा उघडण्यास नकार देतात. एनटीएफएस विभाग दोन्ही प्रणालींतून वापरायचा असल्यास ही सुविधा बंद ठेवावी लागते.

घड्याळ

संगणकाच्या मदरबोर्डवरील घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्स जागतिक समन्वित वेळ ठेवते. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. त्यामुळे लिनक्स वापरून नंतर विंडोज सुरू केल्यास घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकते. याने विदा नष्ट होत नाही. मात्र फायलींच्या वेळा चुकतात आणि संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांच्या पडताळणीत अडथळे येऊ शकतात. दोहोंपैकी एका प्रणालीला दुसरीची पद्धत स्वीकारण्यास सांगितले की हा दोष दूर होतो.

भारतीय भाषांचा आधार

आधुनिक विंडोज आणि प्रमुख लिनक्स वितरणांत देवनागरी लिपी, तसेच मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक उपलब्ध असतो. प्रगत संगणन विकास केंद्र, अर्थात सी-डॅक, या पुणेस्थित मुख्यालयाच्या संस्थेने विकसित केलेली बॉस ही डेबियनवर आधारित लिनक्स प्रणालीही मराठीसह अनेक भारतीय भाषांना आधार देते. डिस्क कूटबद्ध करताना परवलीचा शब्द मात्र देवनागरीत ठेवणे योग्य नसते. तो संगणक सुरू होण्याच्या अगदी प्रारंभीच्या टप्प्यावर विचारला जातो आणि तेथे बहुधा अमेरिकन इंग्रजी कळफलकच उपलब्ध असतो.

तपासणीचा क्रम

आधी संरक्षण करणे व माहिती मिळवणे आणि शेवटी बदल करणे, या तत्त्वावर पुढील क्रम आधारलेला आहे.

१. महत्त्वाच्या फायलींची प्रत त्याच डिस्कवर न ठेवता बाह्य डिस्कवर घेणे आणि ती उघडते का, हे पाहणे.
२. डिस्क कूटबद्ध आहे का हे तपासून पुनर्प्राप्ती किल्ली सुरक्षित ठेवणे.
३. आरंभाची पद्धत, विभाजन तक्त्याचा प्रकार, साठवण-नियंत्रकाची स्थिती आणि सिक्युअर बूटची स्थिती यांची लेखी नोंद करणे.
४. उपकरण-क्रमांक नोंदवून त्यांना नव्या प्रणालीत आधार आहे का, हे पाहणे.
५. लाइव्ह माध्यमावरून सर्व उपकरणांची चाचणी घेणे.
६. सध्याच्या प्रणालीचे पुनर्प्राप्ती-माध्यम तयार करणे.
७. फास्ट स्टार्टअप बंद करून विंडोजच्या स्वतःच्या डिस्क मॅनेजमेंट साधनाने तिचा विभाग लहान करणे आणि त्यानंतर विंडोज पूर्ववत सुरू होते याची खात्री करणे.
८. मोकळ्या झालेल्या जागेतच नवी प्रणाली स्थापित करणे.

दोन्ही प्रणाली नव्याने स्थापित करावयाच्या असल्यास विंडोज प्रथम आणि लिनक्स नंतर, असा क्रम रूढ आहे. बायोस पद्धतीत विंडोजचा स्थापक एमबीआरमधील आधीचा बूटलोडर पुसून स्वतःचा लिहितो. यूईएफआय पद्धतीत तो इतरांच्या फायली पुसत नसला तरी आरंभक्रमात स्वतःला प्रथम स्थान देतो. ग्रबच्या २०२१ सालच्या २.०६ या आवृत्तीपासून अन्य प्रणालींचा आपोआप शोध घेण्याची सोय मूलतः बंद ठेवलेली आहे. त्यामुळे काही वितरणांत विंडोजचे नाव यादीत आणण्यासाठी ती सुरू करावी लागते. यादीत नाव न दिसणे म्हणजे विंडोज नष्ट होणे नव्हे.

पर्याय

सहअस्तित्वाची तपासणी समाधानकारक नसल्यास अन्य मार्ग उपलब्ध आहेत. डेस्कटॉप संगणकात दुसरी डिस्क बसवून प्रत्येक प्रणालीला स्वतंत्र डिस्क आणि स्वतंत्र ईएफआय विभाग दिल्यास परस्परांत हस्तक्षेप होण्याची शक्यता बरीच कमी होते. स्थापनेच्या वेळी पहिल्या डिस्कची केबल काढून ठेवण्याची पद्धतही आहे. आभासी यंत्रात एक प्रणाली दुसरीच्या आत चालते, त्यामुळे विभाजन तक्ता आणि फर्मवेअर अबाधित राहतात. मात्र रॅम दोघींत वाटली जाते आणि ग्राफिक्सची पूर्ण क्षमता सहसा मिळत नाही. केवळ लिनक्समधील आज्ञा आणि विकसनाची साधने हवी असल्यास २०१६ पासून विंडोजमध्ये उपलब्ध असलेली डब्ल्यूएसएल ही व्यवस्था पुरेशी ठरू शकते. अभ्यासक्रमापुरता लिनक्सचा परिचय करून घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे मार्ग मल्टी-बूटपेक्षा कमी जोखमीचे आहेत. हार्डवेअरची संपूर्ण क्षमता दोन्ही प्रणालींना हवी असते, तेव्हा मल्टी-बूटची उपयुक्तता अधिक असते.

हे सुद्धा पहा

संचालन प्रणाली
बूटलोडर
यूईएफआय
लिनक्स वितरण
आभासी यंत्र